अल्बम एकत्र वाजवून करावा की थराथराने?

गाणी बसली, स्टुडिओपुरते पैसे जमले, की पंकवाल्यांच्या जॅमरूममध्ये हा वाद हटकून निघतो. सगळ्यांनी एकत्र उभं राहून वाजवायचं, की आधी ड्रम, मग बास, मग गिटार, शेवटी आवाज असं एकावर एक चढवत जायचं? आमच्या बँडने दोन्ही करून पाहिलंय. त्यामुळे पुढचं सगळं आमच्या कानांचं मत समजा, मोजमाप कुणी केलेलं नाही.

'पंक म्हणजे लाइव्हच' हे काही पटत नाही. 1977 सालचेच दोन अल्बम घ्या. फेब्रुवारीत आलेला द डॅम्डचा पहिला अल्बम निर्माता निक लोने उत्तर लंडनमधल्या पाथवे या आठ ट्रॅकच्या चिमुकल्या स्टुडिओत भराभर उरकला, वरून फारसं काही न चढवता. ऑक्टोबरात सेक्स पिस्टल्सचा आला. त्यात स्टीव्ह जोन्सच्या गिटारचे थरावर थर आहेत, आणि बहुतेक गाण्यांत बासही त्यानेच वाजवलाय, कारण बासवाल्या सिड व्हिशसच्या हाती ते काम देण्यासारखं नव्हतं. त्या गिटारला बेगडी म्हणायची कुणाची छाती आहे?

थराथराने करण्याचे फायदेही खरे आहेत. बासवाल्याला सुट्टी मिळेल तेव्हा तो येऊन आपलं वाजवून जातो. चुकलेला तुकडा तेवढाच पुन्हा घेता येतो. शिवाय आपल्याकडचे बरेच छोटे स्टुडिओ गायकासाठी नाहीतर डबिंगसाठी बांधलेले, तिथे चौघं अँपसकट मावत नाहीत. एकत्र वाजवताना गिटार ड्रमच्या माइकांत घुसते, म्हणजे तिची चूक नंतर पुसली तरी सिम्बलच्या मागे ऐकू येतच राहते. अँप दुसऱ्या खोलीत ठेवला आणि बास डीआयमधून, म्हणजे अँप-माइक न लावता थेट तारेने घेतला की हा त्रास बराच आटोक्यात येतो.

माझं घोडं अडलं ते क्लिकपाशी, म्हणजे लय सुटू नये म्हणून हेडफोनमध्ये वाजणाऱ्या टिकटिकीपाशी. तो लागतोच असं नाही, पण नंतरची जोडाजोड सोपी जावी म्हणून इंजिनियर आग्रह धरतात. मग आधी आकडा ठरवा, मिनिटाला किती ठोके. आमच्या एका गाण्याला 184 की 188, यावर तालमीची अख्खी संध्याकाळ गेली. 184 वर कडवं छान बसतं, पण कोरस ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखा. 188 वर कोरस उसळतो आणि कडव्यात गायक शब्द गिळतो. जॅमरूममध्ये हा प्रश्नच आला नव्हता. कोरसआधीच्या फिलला, म्हणजे ड्रमच्या छोट्या तुकड्याला, ड्रमर मान वर करून गिटारवाल्याकडे बघायचा आणि चौघं मिळून जरासे पुढे सरकायचे. कोरसला वेगळा टेम्पो लावता येतो, आम्ही लावलाही. पण तो दर वेळी ठरल्या जागी, ठरल्याइतकाच वाढतो.

त्यात आमचा ड्रमर मारतो जोरात, म्हणून त्याला क्लिकही कानठळ्या बसतील इतका हवा. गाणं संपतं, शेवटचा क्रॅश विरत जातो, आणि त्या विरण्यात हेडफोनमधून झिरपलेली टिक-टिक-टिक स्वच्छ ऐकू येते. तिथे कापावं तर सिम्बल मध्येच तुटतो. शेवटी ते गाणं घाईघाईने फेड आउट केलं. पंकच्या गाण्याला फेड आउट!

पुढचा अल्बम एकत्र वाजवून केला, आवाज आणि दुसरी गिटार तेवढी नंतर. लय इकडेतिकडे सटकलीय, कोरसला सगळेच धावतात. मला तो जास्त ऐकावासा वाटतो, बासवाल्याला पहिलाच बरा वाटतो.

आणि एकत्र वाजवलं म्हणजे जमलंच, असंही नाही. बँडला एकत्र वाजवायला लावणाऱ्यांत इंजिनियर स्टीव्ह अल्बिनीचं नाव मोठं. वॉशिंग्टन डीसीचा फुगाझी हा बँड 1992 साली शिकागोला त्याच्याकडे गेला, पण ते रेकॉर्डिंग त्यांच्या मनास आलं नाही. मग घराजवळच्या, आर्लिंग्टनच्या इनर इअर स्टुडिओत निर्माता टेड नाइसलीबरोबर सगळं नव्याने केलं आणि 1993 मध्ये तेच बाहेर आलं. तुमचा ड्रमर नवा असेल किंवा एकत्र फारसे गिग झाले नसतील, तर थराथराने करणं कदाचित सोयीचं पडेल.

ठरत नसेल तर दोन गाणी जॅमरूममध्ये फोनवर घ्या आणि आठवड्याने ऐका. कोरसला वाढलेला वेग खटकला नाही, तर क्लिकच्या वाटेला जाऊ नका. आणि क्लिकच घेणार असाल, तर शेवटच्या ठोक्याला तो बंद करायचं इंजिनियरला आधीच बजावून ठेवा.