खेड्यातला लँडलाइन: यंत्राला पाच तारे, तारेला दोन

टेलिफोन खात्याच्या फोनबद्दल दोन गोष्टी गावात सगळे सांगतात. वीज गेली तरी तो चालायचा आणि पाऊस लागला की बंद पडायचा. दोन्ही खऱ्या आहेत. फक्त पहिलीचं श्रेय एक्स्चेंजला, म्हणजे सगळे फोन एकमेकांना जोडणाऱ्या केंद्राला जातं आणि दुसरीचा दोष खांबावरच्या तारेला. या दोघांना एकच गुण देणं बरोबर नाही, म्हणून परीक्षण वेगवेगळं.

आधी हँडलच्या फोनबद्दल थोडं. त्या पेटीत दीड-दीड व्होल्टचे दोन सेल असत, ते फक्त बोलण्यापुरते. हँडल फिरवलं की आतल्या छोट्या जनित्रामुळे एक्स्चेंजच्या बोर्डावर आपल्या नंबराचं झाकण खाली पडे, मग ऑपरेटर दोरी खोचून विचारी, ‘कोणता नंबर?’ बाहेरगावचा ट्रंक कॉल साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग. ठरावीक माणूसच बोलायला हवा असेल तर पीपी कॉल, म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. पुढे ही दोन अक्षरं व्हिजिटिंग कार्डावर आणि लग्नपत्रिकेत उतरली, पण अर्थ बदलून. नंबरापुढे ‘पीपी’ म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप देतील. सेवा म्हणून हँडलच्या फोनला तीन तारे. त्यातले दोन ऑपरेटरचे.

खरा बदल झाला तो सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेच्या ग्रामीण एक्स्चेंजमुळे. १९८४ साली सी-डॉट स्थापन झालं आणि १२८ पोर्टांचं, म्हणजे लाइनी जोडायच्या १२८ जागांचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला चालू झालं. एका कपाटाएवढा हा संच ग्रामपंचायतीच्या खोलीतही मावायचा. त्याची मोठी कमाई म्हणजे त्याला वातानुकूलन लागत नसे. धूळ, उकाडा, खाली-वर होणारी वीज हे सगळं धरूनच तो बनवला होता. त्या काळी बाहेरून आलेली इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजेस थंडगार खोलीशिवाय चालत नसत.

वीज गेली तरी फोन चालायचा तो इथल्या बॅटरीवर. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्ट. घरातल्या फोनला लागणारी सगळी वीज फोनच्याच तारेतून येई, म्हणून घरात अंधार असला तरी डायल टोन हजर. बॅटरी दमली आणि एक्स्चेंजच्या जनरेटरात डिझेल नसलं, की मात्र सगळं गाव एकदम मुकं.

या एक्स्चेंजची एकच मर्यादा लोकांना बोचायची. १२८ पोर्ट म्हणजे १२८ फोन नव्हेत, त्यातूनच तालुक्याकडे जाणाऱ्या जंक्शन लाइनी काढाव्या लागत, आणि त्या मोजक्याच. गावातल्या गावात फोन झटकन लागे. मुंबईला लावायला सगळे रात्री ११ वाजता, पाव दर सुरू झाल्यावर बसले, की ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’. फोनमध्ये बिघाड नसे, रस्ताच अरुंद होता. तरीही एक्स्चेंजला पाच तारे.

आता घरातलं यंत्र. काळा, जड, गोल डायलचा फोन. डायल सोडली की ती परत येताना तार तोडते-जोडते, १ ला एकदा, ५ ला पाचदा, शून्याला दहादा. वेग सेकंदाला दहा. आतला वेग राखणारा भाग चिकटला की हा वेग मंदावतो आणि राँग नंबर लागू लागतात. याचं घरगुती कारण बहुतेक वेळा एकच: कुणीतरी डायलमध्ये खोबरेल सोडलेलं असतं. थंडीत ते थिजतं. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो, आणि तोही आधी जुनं पुसून काढल्यावर.

बिल दोन महिन्यांनी येई, म्हणून डायलच्या भोकात छोटं कुलूप घालायची पद्धत होती. उपयोग शून्य. रिसीव्हरखालचं बटण बोटाने त्याच लयीत टिचकवलं तरी एक्स्चेंज ते आकडेच समजे. घरातल्या पोरांना हे वडीलमंडळींच्या आधी कळलेलं असायचं.

बोलण्याच्या बाजूला कार्बनचे बारीक दाणे भरलेली चकती असते. दमट हवेत, विशेषतः कोकणात, दाणे एकमेकांना चिकटतात आणि समोरचा ‘मोठ्याने बोला’ म्हणू लागतो. रिसीव्हर तळहातावर दोनदा आपटला की दाणे सुटतात. ओरडून काही होत नाही. इतकी दुरुस्ती घरी करता येणारं यंत्र म्हणून यालाही पाच तारे.

आणि आता तार. एक्स्चेंजमधून जमिनीखालची केबल पिलरपर्यंत, म्हणजे रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीपर्यंत, तिथून खांबावरच्या डीपीपर्यंत (लाइनी वाटून देणारा डबा), डीपीतून ड्रॉप वायर घरापर्यंत, घरात भिंतीवर रोझेट, म्हणजे फोन जोडायची छोटी डबी. प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला एक दार. केबलमध्ये जेली भरलेली असते, त्यामुळे मधल्या भागात सहसा बिघाड होत नाही. तो जिथे केबल कापून पुन्हा जोडली तिथे होतो. नळाची चारी खणताना केबल तुटते, मग तारा पिळून वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. मृगाच्या पहिल्या सरीला तिथे पाणी शिरतं, तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि फोनमध्ये आधी खरखर, मग शेजाऱ्याचं बोलणं, मग काहीच नाही. दुपारी ऊन पडल्यावर फोन आपोआप सुरू झाला, तर दोष सांध्यातच, यंत्र उघडू नका.

तांब्याची जोडी अजून चालू असेल तर साध्या मल्टिमीटरने बिघाडाची जागा सापडते. मीटर डीसीवर ठेवून रोझेटवर मोजा. रिसीव्हर ठेवलेला असताना ४८ च्या आसपास, उचलल्यावर साधारण ६ ते १२ व्होल्ट, म्हणजे तार ठीक. ठेवलेला असतानाच वीस-तीस दाखवत असेल तर कुठेतरी ओल आहे. शून्य असेल तर फोन काढून पुन्हा मोजा: आता ४८ आले तर फोनच अडकलेला, तरीही शून्य तर तार तुटलेली किंवा एकमेकींना चिकटलेली. उघड्या तारेला हात लावून मोजू नका. त्याच क्षणी कुणी फोन केला तर घंटीचे ७५ व्होल्ट येतात, सहसा जीव जात नाही पण शिडीवरचा माणूस खाली येतो.

लांबच्या वाडीची तक्रार वेगळी. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याचा जाऊन-येऊन विरोध किलोमीटरला सुमारे १७० ओहम. सहा-सात किलोमीटरवर प्रवाह इतका उतरतो की आवाज बारीक येतो. त्यात एका जोडीवर तीन फोन समांतर लावले की घंट्या नुसत्या किणकिणतात.

ड्रॉप वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायचा, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. फणसाच्या फांदीला घासू द्यायची नाही. विजा सुरू होण्याआधीच रोझेटमधून दोन्ही तारा काढायच्या, कारण एक्स्चेंजमधली संरक्षक नळी एक्स्चेंज वाचवते, तुमचा फोन नव्हे. हे तिन्ही नियम लाइनमन तोंडाने सांगायचे, कनेक्शनच्या कागदात नसायचे. तक्रार १९८ वर करायची, म्हणजे अर्थात शेजाऱ्याच्या फोनवरून. तोही त्याच डीपीवर असला तर चालत तालुक्याला. तारेला दोन तारे, तेही खांबावर चढणाऱ्यांकडे बघून.

आता बऱ्याच गावांत तोच नंबर फायबरवर येतो. आवाज स्वच्छ, पावसाची खरखर गेली. पण काचेच्या तारेतून वीज येत नाही. घरातली वीज गेली की मोडेम बंद, फोन बंद. मोडेमला त्याच्या व्होल्टेजचा छोटा यूपीएस लावणं हाच उपाय. जुना काळा फोन या मोडेमला जोडायचा असेल तर आधी रिसीव्हर उचलून ५ फिरवा. डायल टोन थांबला तर मोडेमला डायल कळते. टोन चालूच राहिला तर मध्ये डायलच्या ठोक्यांचे बटणफोनसारखे सूर करणारा पल्स-टू-टोन कन्व्हर्टर लागेल, नाहीतर फोन नुसता घ्यायच्या कामाचा. फोन एकच लावा, बहुतेक मोडेमांना घंटी वाजवायचा एक्स्चेंजचा जोर नसतो.