वैद्यांची गर्भिणी परिचर्या की दवाखान्याचं तायी कार्ड? बेळगावकडच्या जोडप्यांसाठी

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात सुनेला दिवस गेल्याचं कळलं की घरात दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, चांगल्या वैद्याकडं महिन्यागणिक आहार-औषध सुरू करा, गर्भसंस्काराचा वर्ग लावा. दुसरी बाजू म्हणते, आशाताईला कळवा, तायी कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांची नोंद ठेवणारं सरकारी कार्ड) काढा, सोनोग्राफीची तारीख घ्या. बहुतेक घरं दोन्हीतलं अर्धं-अर्धं करतात आणि घोळ तिथंच होतो: काढा चालू आहे म्हणून लोहाच्या गोळ्या फडताळात पडून राहतात.

माझा कौल आधीच सांगते. तपासण्या, गोळ्या, इंजेक्शनं आणि प्रत्यक्ष बाळंतपण दवाखान्याकडं. जेवण, झोप, विश्रांती, मन प्रसन्न ठेवणं यात आयुर्वेदाकडून पुष्कळ घेण्यासारखं आहे. आणि 'गोरं, हुशार, मुलगाच' अशी हमी देणारा कुणी भेटला तर त्याच्या पायऱ्याही चढू नका.

दिवस जाण्याआधी

सुश्रुतांनी गर्भ राहायला चार गोष्टी सांगितल्या: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषण आणि स्त्री-पुरुष दोघांचं बीज. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तरीही मूल होत नसलं की सासू सुनेलाच वैद्याकडं घेऊन जाते, मुलाची वीर्यतपासणी कुणी काढत नाही. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा पस्तिशीनंतर सहा महिन्यांत राहिले नाहीत, तर दोघांची तपासणी एकदमच व्हायला हवी. सुश्रुतांचंच आणखी एक वचन लग्नाची घाई करणाऱ्यांना ऐकवण्यासारखं आहे: सोळा वर्षांखालची मुलगी आणि पंचविशीच्या आतला पुरुष यांचा गर्भ पोटातच दगावतो, जगला तरी दुबळा राहतो.

शोधन, म्हणजे पंचकर्मानं शरीरशुद्धी, करायचं तर दिवस जाण्याआधीच करायचं. गरोदर बाईला वमन-विरेचन (औषधानं उलटी-जुलाब करवणं) टाळावं असं चरकसंहितेतच आहे, म्हणून गर्भारपणात कुणी 'शरीरशुद्धी' सुचवली तर तो ग्रंथही धड वाचलेला नाही असं समजा.

या टप्प्यावर दवाखान्याकडं एक गोष्ट जास्तीची आहे, फॉलिक अॅसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात आलेलं असतं. गोळी पुढं कधी सुरू केली तरी तो काळ हातचा गेलेला असतो.

पुंसवनाबद्दल, म्हणजे मुलगाच व्हावा म्हणून करतात त्या विधीबद्दल, दोनच वाक्यं. मुलगा की मुलगी हे फलनाच्या क्षणी पुरुषबीजावरून ठरतं, नंतरच्या नस्यानं (नाकात घालायच्या थेंबांनी) किंवा औषधानं बदलत नाही. आणि लिंगनिवड १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

महिन्यामागून महिना

चरकांचा क्रम असा: पहिल्या महिन्यात साधं दूध, दुसऱ्यात मधुर औषधांनी सिद्ध दूध, तिसऱ्यात मध-तुपासह दूध, चौथ्यात दूध-लोणी (लोणी एक अक्ष, म्हणजे तोळाभर), पाचव्यापासून तूप, आठव्यात दुधातली पेज तूप घालून. उलट्यांच्या दिवसांत थोडं-थोडं, पातळ, पचायला हलकं द्यायचं हे शहाणपणाचंच आहे. गर्भिणीला तेलानं काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखं सांभाळावं, धक्का लागू देऊ नये, असंही चरक सांगतात. सातव्या महिन्यापर्यंत डोक्यावर जळणाचा भारा वाहणाऱ्या बायका आपल्याकडं आहेत. हे वाक्य त्यांच्या घरच्यांना वाचून दाखवावं.

पण दूध-तुपात लोह जवळपास नसतंच, आणि आपल्या बायकांचं मुख्य दुखणं रक्त कमी असणं हे आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय. सरकारी दवाखान्यात ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी १८० दिवस फुकट मिळते. ती दुधाबरोबर किंवा चहावर घेतली तर अंगी लागत नाही. म्हणून वैद्यांचं दूध सकाळी आणि रात्री, लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर तासाभरानं लिंबाच्या सरबताबरोबर, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून लांब. इतकी साधी वाटणी केली की दोन्हीकडचं एकत्र नांदतं.

साखरेचं तसं नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली, तर खीर, मध, तूप-साखर हा सगळा क्रम आहारतज्ज्ञाला दाखवून बदलून घ्यावा लागतो. डोहाळजेवणाला कुंद्याचा डबा घेऊन येणाऱ्या मावशींना कोण आवरणार, हा प्रश्न मात्र कुठल्याच शास्त्रानं सोडवलेला नाही.

सहाव्या महिन्यात सुश्रुत गोखरूनं सिद्ध केलेलं तूप सांगतात, आणि गोखरू सूज उतरवतो असं घरोघरी मानतात. पाय थोडे सुजणं नेहमीचंच. पण हात-तोंडही सुजलं, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, बरगडीखाली दुखतं, आणि बीपी १४०/९० किंवा वर असलं तर तो झटक्यांकडं जाणारा आजार असू शकतो. त्या दिवशी गोखरू नको, गाडी काढा. बीपीचा आकडा आणि लघवीतलं प्रोटीन हे नाडीवरून कळत नाही. ही मला दोन्ही बाजूंमधली सगळ्यात मोठी तफावत वाटते.

आठव्या महिन्याचीही एक गोष्ट आहे. ओज, म्हणजे शरीराचं सारभूत बळ, आईकडून बाळाकडं, बाळाकडून आईकडं फिरतं, म्हणून आठव्यातलं बाळ जगत नाही असं ग्रंथात आहे. आजीही सांगते, 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही.' प्रत्यक्षात पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या कामी येतो, आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा जास्त तगतं. आठव्यात कळा सुरू झाल्या तर 'आता काय उपयोग' म्हणून घरी थांबू नका.

औषधं आणि भस्मं

शतावरी, साळीचा भात, तूप ही एक गोष्ट. रसौषधी, म्हणजे पारा आणि धातूंच्या भस्मांची औषधं, ही दुसरी. गर्भ टिकावा म्हणून दिल्या जाणाऱ्या गर्भपाल रसात हिंगूळ आणि नागभस्म असतं, म्हणजे पारा आणि शिसं. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि मेंदूला बाधतं. कितीही शुद्ध केलंय म्हटलं तरी मी माझ्या घरात ते देणार नाही. नवव्या महिन्यातली तेलाची बस्ती (एनिमा) आणि पिचू (योनीत ठेवायचा तेलाचा बोळा) करायचेच असतील तर प्रसूतितंत्रात पदव्युत्तर शिकलेल्या वैद्याकडून, आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच. वार खाली असेल किंवा पाणी गेलं असेल तर अजिबात नको. बेळगावच्या शहापुरात केएलई संस्थेचं १९३३ पासूनचं आयुर्वेद महाविद्यालय असताना गल्लीतल्या बिनपदवीच्या 'संस्कार केंद्रा'त जायची गरज पडू नये.

तंबाखूबद्दल मात्र दोन्हीकडं पुरेसं विचारलं जात नाही. निपाणी भागात विड्या वळणाऱ्या, वखारीत तंबाखू निवडणाऱ्या पोटुशी बायका आहेत, आणि मिश्री लावणाऱ्या तर गावोगाव. मिश्रीनं बाळाचं वजन घटतं. कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांगा आणि त्याच दिवशी डबी फेकून द्या.

भाषा, वेळ, अंतर

लोक वैद्यांकडं का वळतात, याचं खरं कारण मला औषधात दिसत नाही. वैद्य अर्धा तास मराठीत बोलतात, झोप कशी, भूक कशी, घरी कोण कोण असतं हे विचारतात. दवाखान्यात रांग, कार्ड कन्नडमध्ये, सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत. यावर उपाय आहे: आशाताईला सोबत न्या, रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी आणि तारीख आकड्यांत वेगळ्या कागदावर लिहून घ्या, रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. माहेर चंदगड-गडहिंग्लजकडं असेल आणि बाळंतपण तिकडं व्हायचं असेल, तर हाच कागद पलीकडच्या डॉक्टरांच्या हातात पडतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. गर्दी असते, तरी ती चुकवू नका. कणकुंबी, जांबोटीकडच्यांनी पावसाळ्यात तारीख येत असेल तर आधीच खानापूर किंवा बेळगावात नातेवाइकांकडं येऊन राहावं.

दवाखान्याच्या बाजूनं आणखी एक मुद्दा. तिथलं पुष्कळसं आपल्याच गावांत तपासून पाहिलेलं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्यांत अतिरक्तस्राव ६.४ टक्के होता, नुसत्या दिखाऊ गोळ्या दिलेल्यांत १२ टक्के. गर्भसंस्काराच्या मंत्रानं मूल हुशार होतं असं म्हणणाऱ्यांनी असलं काही दाखवलेलं मला माहीत नाही. गाणं ऐकून आईला बरं वाटत असेल तर जरूर ऐकावं, त्यासाठी हजारोंचं पॅकेज कशाला?

बाळ झाल्यावर

सुश्रुत बाळाला आधी मध-तूप चाटवायला सांगतात, कारण दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. आज हे सोडायचं. पहिल्या तासात चीक पाजायचा, वर्षापर्यंत मध नाही. हळिवाचे, डिंकाचे लाडू खुशाल खा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, तो धूर जीव घेतो.

बीपी, साखर, जुळं, आधीचं सिझेरियन किंवा निगेटिव्ह रक्तगट असेल तर वैद्यांचं औषध डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. बाकीच्यांनी वैद्यांकडून औषधातल्या प्रत्येक घटकाचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावं आणि ती चिठ्ठी तायी कार्डातच ठेवावी. नावं लिहून द्यायला कुणी का-कू केली, तर दुसरा वैद्य बघा.