टेक्निका माक-१ एमव्ही: स्कीइंगचा बूट चांगला, पण माप बघून घ्या

चवड्याची रुंदी १०० मिमी (२६.५ मापात), म्हणजे मध्यम पावलाचा बूट. पाऊल अरुंद असेल तर ९८ मिमीचा एलव्ही, रुंद असेल तर १०३ मिमीचा एचव्ही बघा. माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. २६ आणि २६.५ ला बाहेरचं प्लास्टिकचं कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या मापावरून घासाघीस फुकट.

खरी परीक्षा आतलं मऊ अस्तर काढून. नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. मग अस्तर परत घाला, एकच पातळ पायमोजा चढवा, टाच मागे आपटून बसवा आणि बक्कल लावा. सरळ उभं राहिलं की बोटं टेकतात, गुडघे पुढे वाकवले की सुटतात. हे ठीकच आहे. टेकतात म्हणून घाबरून लोक मोठं माप उचलतात. पुढे वापराने अस्तर दबतं, टाच उचलू लागते, बक्कल आवळावे लागतात आणि पाय बधिर होतो.

घोट्याला टोचलं तर फारसं बिघडत नाही. कवचावर बारीक खळग्यांचे भाग आहेत, तिथे तापवून फुगवणं सोपं जातं. मोठं कवच मात्र कोणी लहान करून देत नाही.