चार ब्रासची पावती, साडेतीन ब्रास वाळू

घर, कंपाउंड, विहिरीचं बांधकाम, काहीही काढलं असेल आणि क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, ब्रासच्या (१०० घनफुटांच्या मापाच्या) भावाने घेत असाल, तर भुईकाट्याच्या, म्हणजे अख्ख्या गाडीचं वजन करणाऱ्या काट्याच्या, पावतीवर लिहिलेला ब्रासचा आकडा डोळे झाकून मान्य करू नका. गावच्या घराच्या कामात याच आकड्याने मला लुबाडलं, आणि काटा मात्र खोटा नव्हता.

भाव ठरला होता ब्रासला ५,००० रुपये, घरपोच. प्रत्येक गाडीसोबत काट्याची पावती यायची. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन हे सगळं छापील, आणि खाली सप्लायरच्या माणसाने पेनने लिहिलेलं, '४ ब्रास'. पैसे त्या पेनाच्या आकड्यावर द्यायचे. मग मिस्त्री म्हणाले, "दादा, चार ब्रासचा माल इतक्या लवकर संपत नाही. काहीतरी गडबड आहे."

पुढची गाडी आली तेव्हा खाली करू दिली नाही. गाडीच्या हौद्यात, म्हणजे माल भरतात त्या भागात, चढून वाळू फावड्याने सपाट करून घेतली आणि टेप लावला. आतून लांबी १३ फूट, रुंदी ७ फूट, वाळूची उंची ३ फूट साडेदहा इंच. गुणाकार ३५३ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे गाडीत साडेतीन ब्रास. पावतीवर निव्वळ वजन १५,९८० किलो आणि खाली तेच '४ ब्रास'. एका ब्रासला ४ टन धरून सरळ भागाकार केला होता.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, वाटेत हादरे बसून माल दबतो. क्रशरवर चारच ब्रास भरलेत." माल दबतो हे खरं आहे, म्हणून तेही तपासलं. स्टीलची बादली काठोकाठ पाण्याने भरून वजन केलं. बादलीचं वजन वजा जाता पाणी १२ किलो भरलं, म्हणजे बादली १२ लिटरची. मग तीच बादली त्याच गाडीतल्या वाळूने भरली, मुद्दाम न ठोकता, न दाबता, वरून पट्टीने काठ सारखा करून. वाळू भरली १९.२ किलो. भागिले १२, लिटरला १.६ किलो. म्हणजे घनमीटरला १.६ टन. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, तेव्हा ब्रासला साधारण ४.५३ टन. १५.९८ टनांचे झाले ३.५३ ब्रास. टेप आणि बादली दोघांचं उत्तर एकच आलं. हादऱ्यांची सबब तिथेच संपली.

घनता कमी धरली की ब्रास फुगतात, एवढाच हा खेळ आहे. आपल्याकडची क्रश सँड काळ्या पाषाणाची, तो दगड मुळात जड. खडीची घनता वेगळी, मुरमाची वेगळी, पण हे लोक सगळ्यांना तोच ४ टनांचा आकडा लावतात. त्या एका गाडीत माझे २,३५० रुपये जास्त लागत होते. सप्लायरला फोन केला तर म्हणे, "सगळे चार टनच धरतात, तुम्ही पहिलेच विचारताय." सगळे धरतात म्हणून चोरी हा हिशेब ठरत नाही. मला याचा अजून संताप येतो, कारण आयुष्यभराची पुंजी लावून घर बांधणाऱ्या माणसाकडून हे पैसे जातात.

पाण्याचं तर वेगळंच. वाळू ओली असेल तर वजनात पाणीही मोजलं जातं, आणि मापाने घ्यावी तर ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. काचेच्या सरळ ग्लासात ती ओलसर वाळू १५ सेंटीमीटर भरली, मग ती पूर्ण बुडेपर्यंत पाणी ओतून ढवळलं. बसल्यावर उरली साडेबारा. म्हणजे फुगवटा २० टक्के. याचा फटका सिमेंटलाही बसतो. ५० किलोची गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर सिमेंट, त्या मापाने मिस्त्री वाळूची घमेली मोजतो. फुगलेली वाळू घमेल्यात कमी येते, म्हणून मालात सिमेंटचं प्रमाण वाढतं आणि गोण्या आधीच संपतात.

खूप भांडल्यावर त्या गाडीचं बिल साडेतीन ब्रासचं झालं. आधीच्या गाड्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. ती वाळू भिंतीत गेली होती, मोजणार काय?

ब्रास बाजारातून जाणार नाही. २०२३ च्या वाळू धोरणात सरकारनेही ६०० रुपये ब्रास असाच दर जाहीर केला होता. पण वैध मापन कायदा, २००९ मेट्रिक मापं मानतो, त्यामुळे भाव टनाचा किंवा घनमीटरचा मागायला बिचकू नका. मी आता दुसऱ्याकडून टनाने, कोरडा माल बघून घेतो. भावांची तुलनाही तशीच करतो. ५,००० रुपये ब्रास हा ४.५३ टनांनी टनाला सुमारे १,१०४ रुपये पडतो, तर ४ टनांनी १,२५०. ब्रासनेच घ्यायचं असेल तर हौद्यात टेप धरून फोटो काढा, गाडी खाली होण्याआधी. बिलावर मोजलेले घनफूट लिहून घ्या. ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात किंवा ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करा, पावती आणि फोटो दोन्ही जोडून.