कँटनचं हॉल ऑफ फेम: फ्रिट्झ पोलार्डसाठी तरी जाच

गेल्या शनिवारी लेकाला घेऊन अमेरिकेतल्या ओहायोतल्या कँटनला प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या दिग्गजांचा मान राखणारं संग्रहालय, बघून आले. कोलंबसहून गाडीने दोनेक तास. लेक शाळेच्या टीममध्ये हाफबॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, खेळतो. अंगाने किरकोळ. "तू कुठे टिकणार त्या धिप्पाड पोरांसमोर" हे त्याने इतक्यांदा ऐकलंय, की मला त्याला एक माणूस दाखवायचाच होता.

आत जुन्या काळचा नामांकित फुटबॉलपटू जिम थॉर्पचा सात फुटी ब्राँझचा पुतळा आहे, तिथे थोडं रेंगाळा. 1920 साली याच गावात, मोटारींच्या शोरूममध्ये बैठक होऊन आजच्या एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, सुरुवात झाली. सुरुवातीच्या काळाचं दालन घाईत उरकू नका. चामड्याची ती हेल्मेटं बघून माझ्या पोटात गोळाच आला. एवढ्याशा टोपीवर ही माणसं एकमेकांना भिडायची!

पण खरा जीव आहे तो अर्धपुतळ्यांच्या दालनात. अंधुक उजेड, आणि प्रत्येक चेहऱ्यावर दिवा. मांडणी वर्षानुसार, त्यामुळे 2005 साली इथे निवडलेले चौघे खेळाडू जवळजवळ: डॅन मरिनो, स्टीव्ह यंग, बेनी फ्रीडमन आणि पोलार्ड. मरिनोपुढे फोटोसाठी लोक थांबले होते. पोलार्डपुढे आम्ही दोघंच.

तिथेच उभ्या उभ्या लेकाला सांगितलं. उंची पाच फूट नऊ इंच, वजन 75 किलोच्या आसपास. काळा खेळाडू म्हणून तो खाली पडला की प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर कोसळायचे. म्हणून तो पडल्या पडल्या पाठीवर वळायचा आणि खिळ्यांचे बूट हवेत फिरवायचा. मग कोण येतंय जवळ? 1920 मध्ये त्याच्या अ‍ॅक्रन प्रोज या टीमने 8 सामने जिंकले, 3 बरोबरीत सोडवले, एकही हरले नाहीत, आणि विजेतेपद पटकावलं. पुढच्याच वर्षी तो खेळता खेळता टीमचा कोचही झाला, एनएफएलमधला पहिला काळा मुख्य कोच. आणि त्याच अ‍ॅक्रनमध्ये सामन्याचे कपडे चढवायला त्याला मालकाच्या सिगारच्या कारखान्यात जावं लागायचं. त्याच्यानंतरचा काळा मुख्य कोच, आर्ट शेल, उजाडला तो थेट 1989 मध्ये.

पोलार्ड 1986 मध्ये गेला, 92 वर्षांचा होऊन. इथे त्याचा चेहरा लागला त्याला तोवर 19 वर्षं उलटली होती. हे मला अजून पचत नाही.

सकाळी उघडतानाच पोचा, आम्हाला चार तास अपुरे पडले. बाहेर आल्यावर लेकाने बॅग माझ्या हातात दिली, हिरवळीवर पाठ टेकून दोन्ही पाय हवेत फिरवले आणि म्हणाला, "आई, असंच ना?"