पावतीवरची दोन अक्षरे

मोठ्या मुलीच्या लग्नात जावयांना हिऱ्याची अंगठी घालायची, असे आम्ही उभयतांनी ठरवले आणि बेळगावातील एका दुकानातून पन्नास सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरेटचा हिरा बसवलेली अंगठी एक लाख दहा हजार रुपयांना घेतली. खानापूर तालुक्यात बत्तीस वर्षे शिक्षकी करून जे पैसे हाती आले, त्यांतून केलेला हा खर्च होता. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे दुकानाचे नाव लिहीत नाही. पण सीमाभागातील दुसऱ्या कुणाची अशी फसगत होऊ नये म्हणून घडले ते सांगतो.

विक्रेता आमच्याशी अस्सल बेळगावी मराठीत, अगदी घरच्यासारखा बोलत होता. “गुरुजी, व्हीएस क्लॅरिटी आहे, डोळ्यांना एक ठिपका दिसायचा नाही,” असे तो म्हणाला आणि खरोखरच काही दिसले नाही. क्लॅरिटी म्हणजे हिऱ्याची स्वच्छता आणि ‘व्हीएस’ ही तिची एक वरची प्रत. कन्नड आणि इंग्रजीत छापलेल्या पावतीवर त्याने हाताने ‘व्हीएस’ लिहिले आणि त्याला लागूनच ‘सीई’ अशी दोन अक्षरे लिहिली. ती कशाची, हे मी विचारले नाही. अंगठीच्या आत हॉलमार्कची खूण, सोन्याच्या शुद्धतेचा 750 हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक होता, तेवढ्यावर मी निर्धास्त झालो. हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो, त्यात बसवलेल्या खड्याशी त्याचा काही संबंध नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

अंगठी जावयांना घट्ट झाली. आमच्या घरचे दागिने दोन पिढ्या घडवणाऱ्या खानापुरातील सोनाराकडे ती सैल करायला दिली. वळे कापून, मध्ये तुकडा घालून, डाख देऊन त्यांनी ते जोडले. हिरा एवढी आच सहज सोसतो, म्हणून तो काढला नव्हता. संध्याकाळी त्यांचा निरोप आला. जाऊन पाहतो तो हिऱ्याच्या पोटात एका कडेपासून मध्यापर्यंत दुधाळ पांढरी रेघ उमटली होती, एखादे पीस काचेत अडकून राहावे तशी. मी रागाने त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी उलट उत्तर दिले नाही. नुकसान हप्त्याहप्त्याने भरून देतो, एवढेच म्हणाले. त्या शब्दांची मला आजही टोचणी आहे, कारण चूक त्यांची नव्हतीच.

कोल्हापूरच्या गुजरीतील एका जाणत्या जवाहिऱ्याने हिरा कोंदणातून काढला, आयग्लास डोळ्याला लावून बराच वेळ फिरवून पाहिला आणि मग आयग्लास माझ्या हाती दिला. दहापट मोठे दाखवणारे ते भिंग धरून हिरा तिरपा केल्यावर, भेगेच्या न उकललेल्या भागातून एक नारिंगी झाक चमकून गेली आणि किंचित वळवताच ती निळसर झाली. भेगेत काच भरलेली असल्याची ही ओळख आहे, असे त्यांनी सांगितले. हिऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगेत शिसेयुक्त काच भरण्याची ही युक्ती 1980च्या दशकापासून व्यापारात आहे. त्या काचेतून प्रकाश जवळजवळ हिऱ्यातल्यासारखाच वळतो, त्यामुळे भेग डोळ्यांना दिसेनाशी होते. सोनाराच्या ज्योतीची आच लागली की काच वितळते, बाहेर येते आणि भेग पुन्हा उघडी पडते. ‘सीई’ म्हणजे ‘क्लॅरिटी एन्हान्स्ड’, म्हणजेच स्वच्छता वरून वाढवलेला हिरा.

क्लॅरिटीची आज सर्वत्र वापरली जाणारी श्रेणी जीआयए या अमेरिकन संस्थेने 1953मध्ये आणली. तिच्यात अकरा पायऱ्या आहेत: वर निर्दोष असा फ्लॉलेस आणि आतून निर्दोष असा आयएफ, मग वाढत्या दोषांच्या क्रमाने व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआय यांच्या प्रत्येकी दोन, आणि शेवटी सर्वांत सदोष अशा आय1, आय2, आय3. प्रतवारी दहापट भिंगाखाली, शिकलेल्या माणसाने करायची असते आणि त्यात दोषाचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि तो किती उठून दिसतो, या पाच गोष्टी पाहिल्या जातात. म्हणूनच ‘डोळ्यांना ठिपका दिसत नाही’ हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी आहे, कारण कित्येक एसआय हिऱ्यांतही नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. जीआयए काच भरलेल्या हिऱ्याला प्रतवारीचा अहवालच देत नाही; तेव्हा ‘व्हीएस’ आणि ‘सीई’ ही अक्षरे शेजारी शेजारी लिहिणे हीच मुळात लबाडी होती. भेग उघडी धरली तर आमचा हिरा आय श्रेणीत जाईल, असे त्या जवाहिऱ्यांचे मत पडले. मुंबईच्या एका प्रयोगशाळेनेही काच भरल्याचे लेखी कळवले.

दुकानदाराने आधी सोनाराने हिरा जाळला असा कांगावा केला आणि प्रयोगशाळेचे पत्र दाखवताच पावतीवर बोट ठेवले: “सीई लिहून दिलंय की!” या धंद्याचे खरे गणित मला तेव्हा उमगले. अंगठी कधी ना कधी दुसऱ्या सोनाराच्या भट्टीसमोर जाणार आणि आळ त्या गरिबावर येणार, हे विकतानाच धरलेले असते.

हिरा घ्यायचाच असेल तर तो कोंदणात बसवण्यापूर्वी सुटा पाहावा, कारण बसवलेल्या खड्याची क्लॅरिटी नेमकी ठरवता येत नाही आणि जीआयए सुट्याच हिऱ्याला अहवाल देते. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर ताडून घ्यावा, आणि हिऱ्याच्या कडेवर तो लेझरने कोरलेला असल्यास आयग्लासमधून स्वतः वाचावा. ‘भेगेत काच भरलेली नाही, आतला डाग घालवायला लेझरने छिद्र पाडलेले नाही’ हे वाक्य पावतीवर पूर्ण शब्दांत लिहून मागावे. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर उठून यावे. पावती, डबी, प्रयोगशाळेचे पत्र, सारे जपून ठेवावे, कारण ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते.

मुंबईचे पत्र घेऊन मी आधी खानापूरच्या सोनारांकडे गेलो आणि माफी मागितली. त्यांनी पत्र दोनदा वाचले, घडी घालून मला परत दिले आणि आतून चहा मागवला. हिरा पुरावा म्हणून मोहरबंद पाकिटात ठेवला आहे. रिकामे कोंदण काढून वळे साधे करण्याचे काम जावयांनी त्यांनाच दिले.