कार्ड लावलं की कॉपी चालू: तारकर्लीत सात महिने वापरून

ऑक्टोबरात सीझन चालू झाला तेव्हापासून दुकानातल्या उबंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) जुन्या लॅपटॉपवर ही आपोआप कॉपीची सोय चालवतोय, आता मे संपत आला. स्कूबाची बोट लागली की पोरं कॅमेऱ्याची कार्डं घेऊन ओल्या हातांनी धावत येतात आणि पार्टी बाहेर रिक्षा थांबवून उभी. आधी प्रत्येक कार्ड उघडा, फोल्डर बनवा, फाइली ओढा. आता कार्ड रीडरमध्ये घातलं की व्हिडिओ आपोआप हार्डडिस्कवर जातात.

सुरुवातीला युडेव्हच्या (काही जोडलं की ते ओळखणारा लिनक्सचा भाग) रूलमध्ये, म्हणजे अमुक दिसलं की तमुक कर अशा नियमात, रन लिहून सरळ कॉपीची स्क्रिप्ट दिली होती. हाताने चालवली तर मस्त चालायची, कार्ड लावलं तर काहीच नाही, चार रात्री त्यात गेल्या. रनमध्ये फक्त चुटकीसरशी संपणारं काम टाकायचं असतं, लांबलं की युडेव्ह ते मारून टाकतो आणि तिथून माउंट (कार्ड वाचण्यासाठी सिस्टमला जोडणं) तर होतच नाही. रूलमध्ये सिस्टमडीचा (मागे चालणारी कामं, म्हणजे सर्व्हिस, सांभाळणारा भाग) टॅग लावून सिस्टमडी वॉन्ट्समध्ये सर्व्हिसचं नाव दिलं, माउंट आणि आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) त्या सर्व्हिसमध्ये टाकलं आणि गाडी रुळावर आली. नवीन करणाऱ्याने पहिल्यापासून असंच करा, खरंच.

दुसरी अडचण कुठे वाचायला मिळाली नव्हती. रूल कार्डच्या यूयूआयडीवर (फॉरमॅट करताना मिळणारा ओळख क्रमांक) बांधला होता, पण पोरं कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट करतात आणि फॉरमॅट केलं की यूयूआयडी बदलतो, मग रूल ओळखतच नाही. आता रूल रीडरच्या सिरियल नंबरवर आहे, युडेव्हअ‍ॅडम इन्फो या कमांडमध्ये तो दिसतो, आणि यूयूआयडी फक्त फोल्डरच्या नावात घेतो. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांच्या एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर बसत नाहीत.

डिसेंबरात गर्दीत एका पोराने कॉपी चालू असतानाच कार्ड उपटलं. आरसिंक फाइल पूर्ण झाल्याशिवाय तिला खरं नाव देत नाही, म्हणून अर्धवट व्हिडिओ पार्टीच्या हातात गेला नाही, परत लावल्यावर राहिलेलं तेवढंच आलं. तेव्हापासून शेवटी सिंक (राहिलेलं डिस्कवर लिहून टाकणं), अनमाउंट आणि मग मोठी बीप. तरी पोरं विचारतातच, "दादानू, झाला काय, काढू?"

सर्व्हिस रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालते, म्हणून कार्डवरची कुठलीच फाइल चालवायची नाही, फक्त कॉपी. कार्डवरचं डिलीटही आपोआप करत नाही, फाइली मोजून बघितल्यावर पोरगाच कॅमेऱ्यात फॉरमॅट मारतो.